एक इंच खाली

गाडी जमिनीपासून किती उंच असावी, हा प्रश्न आपल्याकडे एकाच बाजूनं विचारला जातो. "खाली घासणार नाही ना?" बस्स. माझे पुण्यातले मामेभाऊ नवी गाडी बघायला जातात तेव्हा शोरूममध्ये गुडघ्यावर बसून आधी खालून बघतात. गल्लीतला स्पीडब्रेकर, पावसाळ्यातले खड्डे आणि मागच्या सीटवरची तीन धट्टीकट्टी माणसं, हा हिशोब प्रत्येकाच्या डोक्यात असतो. काहीजण तर स्प्रिंगांत रबराचे ठोकळे बसवून गाडी आणखी वर उचलतात. त्यामुळे इथे सॅन होजेत मी शेजाऱ्यांबरोबर दोन शनिवार-रविवार खपून त्यांची गाडी एका इंचानं खाली आणतोय, हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे जरा शांतता पसरली. मग आईनं विचारलं, "का?"

प्रश्न बरोबर आहे. पण त्याचं उत्तर फोनवर मावण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लांबलचक लिहितोय. उत्तराची सुरुवात होते 1974 साली, इंग्लंडातल्या ॲबिंग्डन नावाच्या गावात.

शेजाऱ्यांची गाडी म्हणजे 1975 सालची एमजीबी. दोन माणसांची, उघड्या टपाची, छोटीशी स्पोर्ट्‌स कार. आता भारतात एमजी म्हटलं की 2019 नंतर आलेल्या मोठ्या थोराड गाड्या डोळ्यासमोर येतात, पण हे नाव शंभर वर्षं जुनं आहे. ऑक्सफर्डमध्ये सायकली दुरुस्त करता करता मोटारींच्या धंद्यात उतरलेल्या विल्यम मॉरिसचं 'मॉरिस गॅरेजेस' नावाचं दुकान होतं. 1922 मध्ये सेसिल किम्बर तिथे मॅनेजर झाला आणि साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या, चपळ बॉड्या चढवून विकू लागला. मॉरिस गॅरेजेसची आद्याक्षरं म्हणजे एमजी. 1929 मध्ये हा कारखाना ऑक्सफर्डच्या दक्षिणेला ॲबिंग्डनला गेला आणि तिथेच वाढला.

एमजीबी आली 1962 मध्ये. 1798 सीसीचं इंजिन, पुढे वळशाच्या स्प्रिंगा, मागे पाटे. यात क्रांतिकारक असं काही नव्हतं. तिचं इंजिन तर आपल्या ओळखीच्या घरातलंच! ॲम्बॅसडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिच्यात वर्षानुवर्षं जे 1489 सीसीचं इंजिन होतं ते याच 'बी सिरीज' कुटुंबातलं. म्हणजे सरकारी कचेरीबाहेर पांढरा पडदा लावून उभी असलेली ॲम्बॅसडर आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वाऱ्यात केस उडवत जाणारी एमजीबी या चुलत बहिणी. (बॉनेट उघडल्यावर मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं त्याचं कारण हेच!) 1980 पर्यंत एमजीबी पाच लाखांवर बनल्या आणि त्यातला फार मोठा हिस्सा अमेरिकेत आला.

आणि अमेरिकेत आल्या म्हणूनच पुढचं रामायण घडलं.

1965 मध्ये राल्फ नेडरचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक आलं. गाडी कंपन्या माणसाच्या जिवापेक्षा दिखाव्याला महत्त्व देतात, हा त्याचा आरोप. त्यातलं पहिलंच प्रकरण शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या मागच्या सस्पेन्शनवर होतं, हे मला फार रोचक वाटतं. म्हणजे अमेरिकेतल्या वाहन सुरक्षेच्या कायद्यांच्या मुळाशी स्प्रिंगा आणि आर्मच आहेत. 1966 मध्ये कायदा झाला आणि सीटबेल्टपासून स्टिअरिंगच्या दांड्यापर्यंत नियम आले. माणसं वाचली. आज मी मुलीला मागच्या सीटवर बांधून निर्धास्तपणे हायवेवर जातो ते त्याच नियमांच्या जिवावर, तेव्हा त्यांची टिंगल करायची माझी मुळीच इच्छा नाही.

पण त्या माळेत एक नियम जरा वेगळ्या जातीचा होता. तो होता बंपरचा. 1973 सालच्या गाड्यांपासून तो टप्प्याटप्प्यानं आला. ताशी 5 मैलांच्या वेगानं गाडी आदळली तरी दिवे वगैरे फुटता कामा नयेत, आणि बंपरची उंची अशी हवी की दोन गाड्या टेकल्या तर बंपरला बंपर लागावा. दिव्यांच्या किमान उंचीचाही नियम होता. हेतू चांगला, पण यात मुख्य प्रश्न जिवाचा नव्हता, दुरुस्तीच्या बिलांचा होता. पार्किंगमध्ये लागणाऱ्या धक्क्यांचा!

मोठ्या गाड्यांना फारसा त्रास नव्हता. ठेंगणी एमजीबी मात्र अडचणीत आली. खरं तर पुढचा भाग नव्यानं आखायला हवा होता. त्यासाठी पैसे लागतात. एमजीची मालक असलेली ब्रिटिश लेलँड तेव्हा इतकी डबघाईला आली होती की 1975 मध्ये तिला सरकारनं ताब्यात घेतलं. त्यामुळे सप्टेंबर 1974 मध्ये ॲबिंग्डननं स्वस्तातला मार्ग काढला. पुढे-मागे जाडजूड काळे बंपर लावले, आत पोलाद आणि वरून लवचीक आवरण. लोक त्यांना रबर बंपरच म्हणतात. आणि गाडी उंचीच्या नियमात बसावी म्हणून सरळ इंच-दीड इंच वर उचलली. साडीला फॉल कमी पडला म्हणून उंच टाचेच्या चपला घालाव्यात, तसा प्रकार.

वर आणखी एक काटकसर केली. पुढच्या दोन चाकांना जोडणारा अँटी-रोल बार काढून टाकला. वळणावर गाडी एका कुशीवर कलते तेव्हा तिला आवरणारा हा वाकवलेला दांडा. परिणाम व्हायचा तोच झाला. बारा वर्षं वळणांवरच्या सरळ वागण्यासाठी नावाजलेली गाडी डोलायला लागली. 1977 च्या गाड्यांत कंपनीनं सस्पेन्शनमध्ये फेरफार केले, मागेही बार बसवला, पण उंची तशीच राहिली.

तेव्हापासून पन्नास वर्षं जगभरच्या गॅरेजांत माणसं तो एक इंच परत खाली आणताहेत.

आता थोडं शास्त्र. (ज्यांना कंटाळा येईल त्यांनी हा परिच्छेद गाळावा. मामा, तुम्ही गाळू नका.) वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकतं, हे गुरुत्वमध्याच्या उंचीवर ठरतं. तो समजा 20 इंचांवर असेल आणि आपण एका इंचानं खाली आणला, तर हे सरकणं 5 टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे कागदावर फार मोठा फरक नाही. इतकी वर्षं जी शिवी त्या इंचाला बसली, तिच्यातली निम्मीशिम्मी त्या काढून टाकलेल्या दांड्याला बसायला हवी होती. आमच्या शेजाऱ्यांनी तो दांडा आधीच बसवून घेतला होता. उरला होता तो इंच.

स्प्रिंगेचं गणित रॉबर्ट हूकचं. 1676 मध्ये त्यानं आपला नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला, दुसऱ्या कुणी चोरू नये आणि श्रेयही हातचं जाऊ नये म्हणून! 1678 मध्ये कोडं सोडवून दाखवलं. जेवढा ताण, तेवढंच उलट बळ. गाडी खाली आणणारी स्प्रिंग नुसती आखूड असून चालत नाही. ती थोडी कडकही लागते, कारण दाबायला जागा कमी उरलेली असते. स्प्रिंग नरम राहिली तर पहिल्याच खड्ड्यात आर्म वरच्या रबरी ठोकळ्यावर आपटतो आणि तो दणका थेट मणक्यात जातो. आणि एमजीबीत स्प्रिंग आर्मच्या साधारण मध्यावर बसते. त्यामुळे स्प्रिंग अर्धा इंच आखूड, तर गाडी जवळजवळ इंचभर खाली.

आता प्रत्यक्ष काम. शेजारी सत्तरीच्या पुढचे. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आयुष्य काढलेला लेथवरचा माणूस. त्यांच्या गॅरेजात पाने आकारानुसार भिंतीवर टांगलेले, प्रत्येकामागे त्याची आकृती रंगवलेली. एक जरी पाना जागेवर नसला तर लगेच दिसतो. पहिला नियम त्यांनी सुरुवातीलाच सांगितला. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, बोटसुद्धा नाही. गाडी उचलून चासीखाली दोन भक्कम स्टँड लावले, हलवून बघितले, मगच चाकं काढली.

या गाडीचा पुढचा शॉकअप आपल्या डोळ्यासमोर येतो तसा नळीसारखा नाही. तेलानं भरलेला एक डबा, त्यातून बाहेर आलेले दोन दांडे, आणि तेच दांडे चाकाला वरून धरणारे आर्म. एका दगडात दोन पक्षी. त्या दांड्यांच्या टोकाचा बोल्ट काढला की चाकाची सगळी जुळणी खालच्या आर्मबरोबर बाहेर झुकते आणि स्प्रिंग मोकळी होते.

'मोकळी होते' हे लिहायला सोपं आहे. पुढच्या प्रत्येक चाकावर अडीचशे किलोच्या आसपास वजन येतं आणि स्प्रिंग आर्मवर आत बसत असल्यामुळे तिच्यावर त्याहून बरंच जास्त. ती दबलेली स्प्रिंग सुटून उडाली तर हात मोडेल, किंवा त्याहून वाईट. म्हणून आर्मखाली जॅक लावून ठेवायचा, स्प्रिंगेतून साखळी ओवून चासीला बांधायची, ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेनं वर टांगायचा म्हणजे पाइपावर ओढ येत नाही. आणि मग जॅक इंचाइंचानं खाली. शेजारी जॅकवर, मी टॉर्च घेऊन बाजूला उभा. समोर उभं राहायचं नाही, हा दुसरा नियम. सबंध वेळ आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. शेवटी स्प्रिंग सैल होऊन साखळीत हलकेच टेकली, तेव्हा कळलं की मी श्वास धरून ठेवला होता.

नवी स्प्रिंग बसवणं म्हणजे हेच सगळं उलट क्रमानं. मागची बाजू त्यामानानं सोपी. तिथे पाटे, आपल्या एसटीला असतात त्यांचीच छोटी आवृत्ती. ॲक्सल पाट्याच्या वर बसतो. दोघांच्या मध्ये एक धातूचा ठोकळा घालून लांब यू-बोल्टनं आवळला की ॲक्सल वर सरकतो, म्हणजेच गाडी खाली येते. वेळ गेला तो गंजलेल्या बोल्टांत. तेल मारा, थांबा, हातोडीनं टकटक करा, पुन्हा तेल मारा. आणि शेवटची गोष्ट म्हणजे आर्मच्या रबरी बुशांचे नट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उतरवून, दोन-तीनदा दाबून बसवून मग आवळायचे. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं.

पहिल्या रविवारी संध्याकाळी हात धुता धुता मी सहज विचारलं, की हे सगळं तुम्ही शिकलात कुठे? मला वाटलं, कारखान्यात. ते म्हणाले, "भावाकडून."

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यानं माझ्या डोक्यातला हा सगळा इतिहास उलटापालटा झाला.

शेजारी मेक्सिकन वंशाचे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या गावात वाढलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मेक्सिकन वस्त्यांतली तरुण मुलं जुन्या अमेरिकन गाड्या घेऊन त्या खाली आणायची. गोरी मुलं गाड्या वेगवान करायची, तर ही मुलं हळू आणि सुंदर. याच गाड्या 'लोरायडर'. सुरुवातीला डिकीत वाळूची पोती टाकून. मग स्प्रिंगेचे वेढे कापून, किंवा गॅसच्या ज्योतीनं स्प्रिंग तापवून बसवून. (हे तापवणं घातक. पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि स्प्रिंग कधीतरी दगा देते.) शेजाऱ्यांचा थोरला भाऊ हेच करायचा आणि हे दहा-बारा वर्षांचे असताना त्याच्यासाठी टॉर्च धरून उभे राहायचे.

1958 मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला. गाडीत फेरफार करून तिचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आणता येणार नाही. कारण सुरक्षिततेचं. टायर पंक्चर झाला तर गाडी रस्त्यावर घासू नये. वाचायला अगदी वाजवी वाटतं. पण कुठली गाडी थांबवून वाकून मोजायची, हे रस्त्यावरचा पोलीस ठरवणार. भावाला कितीदा थांबवलं याचा हिशोब त्यांच्या आईनं ठेवला होता म्हणे, चर्चच्या कॅलेंडरवर फुल्या मारून. दर वेळी टेप बाहेर यायची असं नाही. कायदा खिशात असला की मोजायची गरज पडत नाही.

यावर उत्तर शोधलं ते रॉन अगिरे नावाच्या तरुणानं, 1959 च्या सुमाराला. तीसुद्धा स्पोर्ट्‌स कारच, कॉर्व्हेट. त्यानं विमानांतले जुने हायड्रॉलिक पंप गाडीत बसवले. एक बटण दाबलं की गाडी खाली, दुसरं दाबलं की वर. पोलीस दिसला की गाडी कायदेशीर उंचीवर! आज आपण व्हिडिओत उड्या मारणाऱ्या गाड्या बघतो आणि हसतो, पण तो खेळ जन्मला तो दंडाच्या पावतीतून.

आता या दोन इंचांकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. एका कायद्यानं इंग्लंडातली गाडी वर उचलली, आणि डॉक्टर-वकील-इंजिनियर मंडळींनी रविवारी गॅरेजात ती पुन्हा खाली आणली. कुणी त्यांना अडवलं नाही. उलट त्यांच्यासाठी तयार स्प्रिंगांचे डबे विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. गाडी मूळ रूपात आणली, याचं कौतुक झालं. दुसऱ्या कायद्यानं वस्तीतल्या पोरांना सांगितलं की तुमच्या गाड्या खाली आणू नका. हात तेच, पाने तेच, स्प्रिंग तीच. एकाला छंद म्हटलं गेलं आणि दुसऱ्याला गुन्हा.

नियम इंचांत लिहिला की तो निःपक्षपाती वाटतो, कारण फूटपट्टीला जात-वंश काही नसतो. पण फूटपट्टी कुणाच्या हातात आहे आणि ती कुणाच्या गाडीखाली घातली जाते, ते इंचांत लिहिलेलं नसतं. अजून एक गंमत म्हणजे बंपरचा तो ताशी 5 मैलांचा नियम अमेरिकन सरकारनं 1982 मध्ये सैल करून अडीच मैलांवर आणला. खर्चाच्या मानानं फायदा नाही, असं ठरलं. ॲबिंग्डनचा कारखाना ऑक्टोबर 1980 मध्येच बंद झाला होता. त्याला कारणं पुष्कळ, एकट्या बंपरवर खापर फोडता येणार नाही. पण ज्या नियमासाठी ती गाडी टाचा उंच करून उभी राहिली, तो नियम बदलला तेव्हा बघायला ती नव्हती.

कॅलिफोर्नियाचा 1958 चा नियम मात्र पासष्ट वर्षं टिकला. आमच्या सॅन होजेत स्टोरी आणि किंग हे दोन रस्ते मिळतात तो चौक लोरायडरवाल्यांचं जुनं तीर्थक्षेत्र. 1977 मध्ये 'लोरायडर' मासिक याच शहरात सुरू झालं. तरी हळू गाडी चालवत फेऱ्या मारायला शहरात बंदी होती, ती 2022 मध्ये उठली. मग 2023 मध्ये राज्यानं एबी 436 हे विधेयक मंजूर केलं आणि 1 जानेवारी 2024 पासून फेऱ्यांवरची आणि गाडी खाली आणण्यावरची, दोन्ही बंधनं गेली.

मी हे शेजाऱ्यांना उत्साहानं सांगायला गेलो. त्यांना अर्थातच ठाऊक होतं. भाऊ 2011 मध्येच गेला. "त्याला सांगायचं राहिलं," एवढंच म्हणाले आणि पाना पुसून भिंतीवर त्याच्या आकृतीवर टांगला. मग मला कळलं की तुम्ही ही इंग्लिश गाडीच का घेतलीत, हे विचारायची गरज नाही. आयुष्यभर कुणी न अडवता खाली आणता येईल अशी गाडी त्यांनी निवडली होती, एवढं मी आपलं समजून घेतलं. कदाचित नुसती आवडली म्हणूनही घेतली असेल. असो.

गाडी आता दिसते छान. चाक आणि मडगार्ड यांच्यातली ती विचित्र फट गेली, आणि डोंगरातल्या वळणांवर डोलणंही बरंच कमी झालं. चाकांचं अलाइनमेंट करून आणलं. आता हेडलाइटचा झोत तपासायचा आहे. पुढून-मागून सारखी उतरली नसेल तर तो वरखाली होतो, आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यात उजेड जाऊ नये, हा नियम आम्हा दोघांनाही मान्य आहे.